कुत्र्याच्या मेंदूतली गाठ आणि प्रायोगिक उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा बंड्या, साडेआठ वर्षांचा बॉक्सर, एका रविवारी सकाळी पोह्यांच्या वासाने स्वयंपाकघरात आला आणि ओट्यापाशीच आडवा झाला. चारही पाय ताठ, तोंडाला फेस. महिन्याभरात निदान झालं: मेंदूत ग्लायोमा नावाची गाठ. तेव्हापासून इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या मराठी घरांतून फोन येतात. अधूनमधून पुण्या-मुंबईहूनही येतात. प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. हे वाचून कुणी औषधाचा डोस कमीजास्त करू नये.

फिट आली म्हणजे मेंदूत गाठच असते का?

नाही. कुत्रा तरुण असेल, साधारण सहा महिने ते सहा वर्षांचा, आणि दोन फिटांच्या मधल्या काळात अगदी ठणठणीत असेल, तर बहुतेकदा ती साधी अपस्माराची तक्रार असते. सहा-सात वर्षांच्या पुढे आयुष्यातली पहिली फिट आली तर मात्र गाठीचा विचार करावा लागतो. भारतात यादी आणखी मोठी होते: डिस्टेम्पर हा विषाणूजन्य आजार, विषबाधा, आणि लस न दिलेल्या कुत्र्यात रेबीजसुद्धा. लस झालेली नाही आणि वागणं अचानक बदललं आहे अशा कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

गाठीची इतर लक्षणं इतकी हळू येतात की आपण ती वयावर ढकलतो. एकाच दिशेला गोल फिरत राहणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, ताटलीतलं एका बाजूचं अन्न तसंच राहणं, कोपऱ्यात शिरल्यावर मागे वळता न येणं. बंड्या दोन महिने सोफ्यामागे जाऊन अडकत होता. आम्ही हसून त्याचे व्हिडिओ काढत होतो.

फिट चालू असताना काय करायचं?

कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा तर अजिबात नाही. कुत्रा जीभ गिळत नाही, पण तुमचं बोट तोडू शकतो. आसपासच्या खुर्च्या सरकवा, दिवे मंद करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एका दिवसात दोन-तीन झाल्या, तर थेट दवाखाना गाठा. जमलं तर कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. आपण घाबरून केलेल्या वर्णनापेक्षा डॉक्टरांना ते जास्त उपयोगी पडतं.

एमआरआय करायलाच हवा का? रक्त तपासून कळत नाही का?

रक्ताच्या तपासणीत यकृत, साखर, क्षार यांचे घोटाळे कळतात, मेंदूतली गाठ कळत नाही. सीटी स्कॅनमध्ये मोठी गाठ दिसते, पण मेंदूच्या मऊ ऊतींचा तपशील एमआरआयमध्येच नीट दिसतो. कुत्रा स्थिर पडून राहत नाही, त्यामुळे पूर्ण भूल द्यावी लागते. अमेरिकेत याचा खर्च दोन-तीन हजार डॉलरांच्या पुढे जातो. प्रायोगिक उपचारांच्या कुठल्याही चाचणीत नाव घालायचं असेल तर हे चित्र लागतंच, आणि बहुतेक ठिकाणी हा पहिला एमआरआय स्वतःच्या खिशातून करावा लागतो.

मेनिन्जिओमा आणि ग्लायोमा यांत फरक काय?

मेनिन्जिओमा मेंदूच्या आवरणातून वाढतो आणि मेंदूला बाहेरून दाबतो. कुत्र्यांच्या मेंदूत सुरू होणाऱ्या गाठींमध्ये हाच सर्वांत जास्त आढळतो, विशेषतः लांब नाकाच्या जातींमध्ये. गोल्डन रिट्रीव्हर आणि कोली ही त्याची नेहमीची नावं. ग्लायोमा मेंदूच्या आतच, चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमधून उगवतो आणि निरोगी भागात मुळांसारखा पसरतो. शल्यविशारदाला त्याची कड सापडत नाही. बॉक्सर, बोस्टन टेरिअर, फ्रेंच बुलडॉग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तो जास्त होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात कुत्र्यांच्या २६व्या गुणसूत्रावर या धोक्याशी जोडलेला एक पट्टा सापडला. चपट्या तोंडाचं पिल्लू गोंडस दिसतं म्हणून पिढ्यान्पिढ्या आपण जी निवड करत आलो, तिच्यासोबत आणखी काय काय निवडलं गेलं हे आता समोर येतं आहे.

नेहमीचे उपचार कोणते?

सूज उतरवायला प्रेडनिसोलोन, फिट थांबवायला फेनोबार्बिटोन किंवा लेव्हेटिरासेटाम. एवढ्यावर कुत्रा काही आठवडे, कधी काही महिने बरा राहतो. मेनिन्जिओमा वरच्या बाजूला असेल तर शस्त्रक्रिया होते. किरणोत्सर्ग दोन्ही प्रकारांत देतात आणि बऱ्याच कुत्र्यांना त्याने मिळणारा वेळ महिन्यांऐवजी वर्षाच्या आसपास मोजता येतो. लोमस्टिनसारखं केमोचं औषधही वापरतात.

प्रायोगिक चाचणीचा विचार करण्याआधी हे सगळं समजून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या फोनांपैकी निम्म्या लोकांनी किरणोत्सर्गाची चौकशीच केलेली नसते. ते थेट गाठीवरची 'नवीन लस' शोधत असतात.

प्रायोगिक चाचणी म्हणजे नक्की काय?

एखादा उपचार उंदरांत चालला, प्रयोगशाळेत चालला, आता खऱ्या रोग्यात चालतो का हे बघायचं आहे. रोगी म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला कुत्रा नाही. ज्याला आपोआप हा आजार झाला आहे आणि जो रात्री तुमच्या पलंगाखाली झोपतो, तो. विद्यापीठाची प्राणी-नीती समिती आधी योजना तपासते, मालक लेखी संमती देतो, आणि नंतर प्रत्येक पायरीची नोंद ठेवली जाते.

सुरुवातीच्या टप्प्यातल्या चाचणीचा मुख्य प्रश्न 'कुत्रा बरा होतो का' हा नसतो. 'हे औषध किती दिलं तर सोसतं' हा असतो. संमतिपत्रात हे लिहिलेलं असतं, पण मन वाचताना ते वगळतं. आमचंही वगळलं होतं.

माणसांच्या डॉक्टरांना आमच्या कुत्र्याच्या गाठीत एवढा रस का?

कारण माणसांचा ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे ग्लायोमाचाच सर्वांत आक्रमक प्रकार, अजून आटोक्यात आलेला नाही. शस्त्रक्रिया, किरणोत्सर्ग आणि टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध, असं २००५ पासूनचं ठरलेलं त्रिकूट वापरूनही मध्यक आयुर्मान (निम्मे रोगी ज्याच्या पुढे जगतात तो काळ) साधारण १५ महिन्यांच्या आसपास अडकलेलं आहे. उंदरांमध्ये डझनावारी उपचार यशस्वी ठरले आणि माणसांत पडले. उंदराची गाठ बाहेरून आणून लावलेली असते, त्याचा मेंदू शेंगदाण्याएवढा आणि गुळगुळीत असतो, आणि एका वाणाचे सगळे उंदीर जवळपास जुळे असतात.

कुत्र्याची गाठ आपोआप उगवते, त्याची प्रतिकारशक्ती शाबूत असते, मेंदूला माणसासारख्या वळ्या असतात आणि तो आपल्याच घरातली हवा खातो. २०२० मध्ये ८३ कुत्र्यांच्या ग्लायोमांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की या गाठी मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांमधल्या ग्लायोमांशी जास्त जुळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ मध्येच तुलनात्मक कर्करोग विभाग सुरू केला, तो याच तर्कावर.

बॅटमन नावाच्या कुत्र्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. २००८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात लिझ प्लुहार या पशुशल्यविशारद आणि जॉन ओल्फेस्ट हे संशोधक यांनी बॅटमनवर उपचार केले. आधी गाठ काढली, मग जनुकोपचार, आणि नंतर त्याच्याच गाठीच्या पेशींपासून बनवलेली लस. तो २०१० मध्ये हृदयविकाराने गेला, तेव्हा गाठ परत आलेली नव्हती.

ही गोष्ट मला प्रत्येक फोनवर ऐकवली जाते. मी तेव्हा एवढंच विचारतो, की त्याच्यानंतरच्या कुत्र्यांची नावं ठाऊक आहेत का? त्या कार्यक्रमात पुढे बऱ्याच कुत्र्यांवर उपचार झाले. काहींना वर्षं मिळाली, काहींना महिने. बॅटमनचं नाव राहिलं, कारण तो पहिला होता आणि त्याचं फार चांगलं झालं.

सध्या कोणकोणत्या पद्धतींवर काम झालं आहे?

मिनेसोटाची लस सर्वांत परिचित. गाठ काढायची, तिच्या पेशी प्रयोगशाळेत फोडून त्यांचा अर्क करायचा आणि तो प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधासोबत कातडीखाली टोचायचा. ही लस प्रतिबंधक नाही. शरीराला गुन्हेगाराचा फोटो दाखवण्यासारखं ते आहे. अडचण अशी, की गाठ पोलिसांना लाच देते. तिच्यातले काही रेणू प्रतिकारपेशींना गप्प बसवतात. सीडी२०० हा त्यातला एक. तो अडथळा दूर करणारं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, लसीला जोडल्यावर काय होतं हे त्याच विद्यापीठात २० कुत्र्यांमध्ये पाहिलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार आधी नुसत्या लसीवर मध्यक आयुर्मान सहा महिन्यांच्या थोडं वर होतं, ते पेप्टाइडसह साडेबारा महिन्यांच्या पुढे गेलं. ही कल्पना पुढे माणसांवरच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीपर्यंत पोहोचली.

दुसरी वाट थेट गाठीत औषध सोडण्याची. रक्तातून दिलेली बहुतेक औषधं मेंदूच्या दारातच अडवली जातात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला तो पडदा विषापासून आपलं रक्षण करतो आणि औषधालाही विषच समजतो. म्हणून कवटीला बारीक छिद्र पाडून गाठीत नळ्या बसवतात आणि औषध दाबाने, पण मिनिटाला काही मायक्रोलिटर इतक्या धीम्या गतीने आत ढकलतात. औषधासोबत एमआरआयमध्ये उजळणारं द्रव्य मिसळलेलं असतं, त्यामुळे ते कुठे पोहोचलं ते दिसतं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात पीटर डिकिन्सन यांच्या गटाने हे तंत्र कुत्र्यांमध्ये घडवलं. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात जॉन रॉसमाइझल यांनी वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांसोबत फक्त गाठीच्या पेशींवरच्या ठरावीक खुणा ओळखणारी विषद्रव्यं याच मार्गाने दिली. २०२१ च्या त्यांच्या अहवालात निम्म्या कुत्र्यांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या, एकाची तर ९४ टक्क्यांपर्यंत.

रॉसमाइझल यांच्याच गटाने विजेचे अतिशय अल्पकाळाचे झटके देऊन गाठीच्या पेशींच्या आवरणाला कायमची भोकं पाडण्याची पद्धतही कुत्र्यांत वापरली आहे. उष्णतेने जाळणं यात नाही, त्यामुळे शेजारच्या रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी वाचतात. अलाबामात माणसांसाठी बनवलेला, जनुकं बदलून निर्धोक केलेला हर्पीसचा विषाणू कुत्र्यांच्या गाठीत सोडून पाहिला गेला. टेक्सासमध्ये गाठीत टोचून आतली प्रतिकारयंत्रणा जागी करणारं औषध वापरलं गेलं.

आणि मला सर्वांत आवडलेला प्रयोग कोलोरॅडोचा. तिथे लसीसोबत लोसार्टान आणि प्रोप्रानोलोल दिलं.

लोसार्टान? म्हणजे बाबांची रक्तदाबाची गोळी?

तीच. प्रोप्रानोलोलही रक्तदाबासाठीच देतात. गाठ आपल्याभोवती अशा पांढऱ्या पेशी गोळा करते ज्या खऱ्या हल्लेखोर पेशींना आत येऊ देत नाहीत. लोसार्टान त्या पेशींचं गाठीकडे येणं रोखतं. २०२२ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने १० कुत्र्यांचे निकाल प्रसिद्ध केले. कवटी न उघडता आठ कुत्र्यांच्या गाठी एकतर लहान झाल्या किंवा वाढायच्या थांबल्या.

तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही आलं होतं. बाबांचा डबा ड्रॉवरमध्येच होता. नका देऊ. तिथला डोस माणसाच्या नेहमीच्या हिशोबाने ठरवलेला नव्हता, सोबत लस होती, आणि रक्तदाब-मूत्रपिंडाची तपासणी चालू होती. नुसती गोळी दिलीत तर कुत्रा लटपटून पडेल आणि तो गाठीमुळे पडला की गोळीमुळे हे कुणालाच सांगता येणार नाही.

आमच्या कुत्र्याला चाचणीत घेतील का?

घेतीलच असं नाही, आणि इथेच बहुतेकांचं मन मोडतं. गाठीचा प्रकार, आकार आणि जागा जुळावी लागते. मेंदूच्या मागच्या बाजूच्या 'लहान मेंदू' या भागात किंवा मेंदूच्या देठाशी असलेल्या गाठी बऱ्याच चाचण्यांत वगळल्या जातात. हृदय-मूत्रपिंड ठीक लागतं, दुसरा कर्करोग नको, आधी किरणोत्सर्ग झालेला नको.

स्टेरॉइडचा मुद्दा कुणी वेळेवर सांगत नाही, म्हणून मी सांगतो. प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या चाचण्यांना प्रेडनिसोलोनचा मोठा डोस चालत नाही, कारण ते औषध प्रतिकारशक्ती दाबतं. पण मनाने बंद करू नका. अचानक बंद केलेलं स्टेरॉइड जीवावर बेतू शकतं. चाचणीच्या समन्वयकाला फोन करा, त्या दिवशीचा डोस सांगा आणि त्यांना तुमच्या डॉक्टरांशी बोलू द्या.

बंड्याची गाठ खोल होती. दोन ठिकाणी एमआरआय पाठवला. दोन्हीकडून नम्र शब्दांत नकार आला, एक तर चोवीस तासांत. त्या तत्परतेबद्दल तेव्हा राग आला होता. आज वाटतं, तीन आठवडे ताटकळत ठेवलं असतं तर ते जास्त वाईट झालं असतं.

सगळं फुकट असतं ना?

'सगळं' हा शब्द सोडा. प्रायोगिक औषध, ते देण्याची प्रक्रिया आणि त्यानंतरचे ठरलेले एमआरआय अनेकदा अनुदानातून होतात. कधी शस्त्रक्रियेचा काही भागही त्यातच निघतो. निदानाचा खर्च, फिटांची औषधं, गुंतागुंत झाली तर तिचा खर्च आणि तुमचा प्रवास बहुधा तुमच्याकडे. सहाशे मैल गाडी चालवत दर काही आठवड्यांनी जायचं, कुत्रा चालेल असं मोटेल शोधायचं, रजा काढायची. कोण काय देणार हे लेखी मागा, आणि गुंतागुंतीची ओळ दोनदा वाचा.

तुलनेसाठी काही कुत्र्यांना औषधाऐवजी नुसतं पाणी टोचून बघतात का?

या क्षेत्रातल्या बऱ्याच छोट्या चाचण्यांत सगळ्याच कुत्र्यांना उपचार मिळतो. मग तुलना कशाशी? बहुतेकदा पूर्वीच्या कुत्र्यांच्या नोंदींशी. उदाहरणार्थ, २०१३ मध्ये मिनेसोटातून मेनिन्जिओमाच्या ११ कुत्र्यांचा अहवाल आला. लसीसह मध्यक आयुर्मान ६४५ दिवस, आणि आधीच्या, फक्त शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांचं २२२ दिवस. फरक मोठा दिसतो. पण चाचणीत येणाऱ्या कुत्र्याचा मालक चिकाटीचा असतो, तपासण्या वेळेवर होतात, शस्त्रक्रिया निष्णात हात करतात. त्या फरकातला किती भाग लसीचा आणि किती या सगळ्याचा, हे अशा तुलनेतून सुटं करता येत नाही.

आणखी एक गोष्ट फक्त कुत्र्यांच्याच आकडेवारीत असते. त्यांचं आयुष्य कधी संपणार हे बऱ्याचदा माणूस ठरवतो. ज्या घराने थोडं आधी इंजेक्शन द्यायचं ठरवलं, त्या घराच्या कुत्र्याचं 'आयुर्मान' कमी नोंदलं जातं. म्हणून 'मध्यक १२ महिने' ऐकलं की कुत्रे किती होते आणि तुलना कुणाशी केली, हे दोन प्रश्न लगेच विचारा.

कुत्र्याला त्रास होतो का?

होऊ शकतो. मेंदूत सूज, फिटा वाढणं, काही दिवस एका बाजूची कमजोरी, ताप. प्रतिकारशक्तीने गाठीवर हल्ला केला की गाठ आधी फुगते, आणि कवटीत फुगायला जागा नसते. शिवाय दर तपासणीला भूल. कवटीवरच्या टाक्यांचं आपल्याला फार वाटतं, कुत्रे त्यातून आश्चर्यकारक लवकर सावरतात. त्यांना जास्त जाचतो तो प्रवास, पिंजरा, आणि तुमच्याविना काढलेल्या रात्री. तुमचा कुत्रा दवाखान्याच्या दारातच थरथरत असेल, तर चाचणीला नाही म्हणायला हे कारण संमतिपत्रात नसलं तरी खरं कारण आहे.

मधेच माघार घेता येते का?

येते, कधीही, कारण न देता. सही करताना आमच्या ओळखीतल्या एका काकूंना वाटत होतं की आता कुत्रा विद्यापीठाचा झाला. तसं नसतं.

भारतातून कुत्रा अमेरिकेत नेता येईल का?

कागदावर येईल. १ ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमांनुसार भारतासारख्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशातून येणाऱ्या, तिकडेच लस घेतलेल्या कुत्र्याला मायक्रोचिप, प्रमाणित कागदपत्रं, ठरावीक विमानतळावरच्या मान्यताप्राप्त केंद्रात तपासणीची आगाऊ नोंदणी आणि रक्तातल्या रेबीज-प्रतिपिंडांचा अहवाल लागतो. त्या अहवालाचं रक्त प्रवेशाच्या किमान २८ दिवस आधी घेतलेलं हवं, नाहीतर २८ दिवस विलगीकरण. ग्लायोमा असलेल्या कुत्र्याकडे एवढे दिवस बहुधा नसतात, आणि फिटा येणाऱ्या जनावराला विमानाच्या पोटात घालणं मला तरी पटत नाही. नाशिकच्या एका ताईंना मी हेच सांगितलं, त्या रागावल्या. त्यांनी तोच पैसा चांगल्या न्यूरॉलॉजीच्या सल्ल्यावर, फिटांच्या औषधांची रक्तातली पातळी तपासण्यावर आणि घरच्या शुश्रूषेवर घालवला. कुत्री तीन महिने स्वतःच्या गच्चीवर ऊन खात होती.

अमेरिकेत चाचणी शोधायची कुठे?

अमेरिकन पशुवैद्यक संघटनेची प्राण्यांवरच्या अभ्यासांची सूची सगळ्यांना खुली आहे. पण नुसत्या सूचीवर विसंबू नका, तिथे दिसणारी चाचणी भरलेली असू शकते. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टला जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात फोन करायला सांगा. डॉक्टरांचा फोन लवकर उचलला जातो, हा जगाचा नियम तिथेही लागू आहे.

शवविच्छेदनाची परवानगी आधीच का मागतात?

हा प्रश्न लोक शेवटी, हळू आवाजात विचारतात. एमआरआयमध्ये दिसणारा डाग म्हणजे जिवंत गाठ, मेलेली गाठ की सूज, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय पक्कं कळत नाही. औषध गाठीत पोहोचलं का, प्रतिकारपेशी आत शिरल्या का, याची उत्तरं तिथेच मिळतात. त्याशिवाय चाचणी अर्धी राहते. नंतर बहुतेक ठिकाणी अस्थी परत मिळतात. मिळतील का, आणि किती दिवसांनी, हे सही करतानाच विचारा. त्या दिवशी विचारायचं त्राण उरत नाही.

घरात वडीलधारी मंडळी असतील तर त्यांच्याशीही आधीच बोला. माझ्या आईने फोनवरून आधी "त्याला कापू देऊ नकोस" असं सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून "दुसऱ्या कुणाच्या कामी येणार असेल तर दे" म्हणाली. बंड्या चाचणीत नव्हताच, पण ते संभाषण आधी झालेलं बरं झालं.

घरात दुसरा कुत्रा आहे. त्याला लागण होईल का?

नाही. ही गाठ एकाची दुसऱ्याला होत नाही. एकाच ताटलीत जेवू द्या. मात्र फिट आलेल्या कुत्र्यावर घरातला दुसरा कुत्रा कधी कधी भुंकून धावून जातो, त्याला ते काय चाललंय ते समजत नाही. त्यामुळे आजारी कुत्रा एकटा असताना मधलं दार लावून ठेवा, आणि रात्री त्याचं अंथरूण जिन्यापासून लांब घाला.